उत्तर आलं, मग झालं?

‘उत्तर आलं ना? मग झालं!’ म्हणणाऱ्यांशी आमचं हाडवैर आहे. संगणकाकडून एक ते शंभरची बेरीज करवून घेणं हा नवशिक्यांचा धडा. पोरं एकेक आकडा मिळवायला लावतात. शंभर फेऱ्यांनी ५०५० येतात. बरोबर! पण पेणहून रोह्याला रुळांखालचे स्लीपर मोजत गेलेला माणूसही पोचतोच की! १०० ला १०१ ने गुणा, निम्मे करा. तेच उत्तर, फेरी एकही नाही. कोटीपर्यंतची बेरीज मागा, म्हणजे फरक कळेल.

पेणचा मूर्तिकार साच्यातून निघालेला गणपती तसाच गिऱ्हाइकाला देतो का? डोळ्यांची आखणी झाल्याशिवाय मूर्ती हलत नाही. म्हणून गुरुजी, उत्तर आल्यावर गुण जरूर द्या. पण लगेच विचारा, ‘आणखी कसं येईल?’ खरा धडा तिथं सुरू होतो.