मेम्फिसची रात्र

दरवर्षी १५ ऑगस्टच्या संध्याकाळी अमेरिकेतल्या मेम्फिसमध्ये ग्रेसलँड या घराच्या फाटकाशी रांग लागते. या घराचा मालक, गायक एल्विस प्रेस्ली १६ ऑगस्ट १९७७ रोजी गेला, अवघ्या ४२व्या वर्षी. आदली रात्र जागवायची, हा चाहत्यांचा नेम. पेटती मेणबत्ती धरून चढ चढायचा, आईवडिलांशेजारी विसावलेल्या एल्विसपाशी क्षणभर थांबायचं, मागच्याला जागा द्यायची. ओघळलेलं मेण बोटांवरच थिजतं. विशीत घेतलेली रेकॉर्ड अजून जपणाऱ्या आज्याही या रांगेत असतात. याला वेड म्हणायला माझी जीभ रेटत नाही. टुपेलोच्या दोन खोल्यांच्या घरात जन्मलेल्या त्या पोरानं त्यांचं अख्खं तारुण्य आपल्या आवाजात सांभाळून ठेवलंय. त्या तारुण्याला भेटायला त्या येतात, पाय दुखत असले तरी येतात.