फुकटच्या खेळाची किंमत

हल्लीं चार सुशिक्षित गृहस्थ एकत्र बसले म्हणजे मुलांच्या हातांतील मोबाइलवर तोंडसुख घेतल्यावांचून बैठक मोडत नाहीं. "खेळांनीं मुलांचा सत्यानाश केला" असा निकाल एकमतानें लागतो आणि मंडळी समाधानानें घरोघर जातात. या न्यायाधीशांपैकीं एकानेंही आरोपीचें म्हणणें ऐकून घेतलेलें नसतें; ज्या खेळाला ते फांसावर चढवितात, तो त्यांनीं पांच मिनिटेंही खेळलेला नसतो. कांहीं दिवसांपूर्वींपर्यंत मीही याच पंचमंडळांत बसत होतों. माझ्या दहा वर्षांच्या पुतण्याशेजारीं बसून एक खेळ अथपासून इतिपर्यंत खेळल्यावर माझें मत पालटलें. आरोपी चुकीचा पकडला गेला आहे. दोष खेळाचा नाहीं; खेळाच्या आंत थाटलेल्या दुकानाचा आहे.

ज्या जातीच्या खेळाविषयीं मी बोलत आहें, तिला 'टॉवर डिफेन्स' म्हणतात. शत्रु ठरलेल्या वाटेनें लाटांमागून लाटा करून येतो. आपण त्या वाटेवर बुरूज उभारावयाचे, आणि कोणता बुरूज कोठें व केव्हां, एवढाच विचार करावयाचा. दिवाळींत अंगणांत मातीचा किल्ला करून त्यावर मावळे मांडतांना मूल जो विचार करतें, त्याचाच हा विस्तार होय. या जातींतील एक अत्यंत लोकप्रिय खेळ म्हणजे 'प्लँट्स व्हर्सेस झॉम्बीज'. अमेरिकेंतील सिॲटल येथील पॉपकॅप या कंपनीनें तो २००९ सालीं संगणकासाठीं काढला. त्याचा कर्ता जॉर्ज फॅन. झॉम्बी म्हणजे चालतें प्रेत. अशीं प्रेतें आपल्या घरावर चालून येतात, आणि त्यांस अडविण्यासाठीं अंगणांत झाडें लावावयाचीं, एवढीच कथा. अंगणाच्या पांच ओळी, प्रत्येक ओळींत नऊ घरें, आणि बहुधा एका घरांत एकच झाड.

कथा पोरकट आहे, हें कबूल. हिशेब मात्र पोरकट नाहीं. येथलें चलन सूर्यप्रकाश. मटाराचे दाणे गोळ्यांसारखे झाडणाऱ्या झाडाची किंमत १००, सूर्यफुलाची ५०. मटार शत्रूस मारतो. सूर्यफूल कोणासच मारीत नाहीं, तें थोड्याथोड्या वेळानें २५ प्रकाश तेवढा देतें. नवशिका उतावीळपणें मटार लावीत सुटतो, आणि मोठी लाट येते तेव्हां त्याच्या गांठीं कांहीं उरत नाहीं. शहाणा मुलगा घराजवळ आधीं सूर्यफुलें लावतो आणि शत्रु दारांत दिसत असतांही धीर धरतो. कारण दोनदां प्रकाश दिला कीं फुलाची किंमत वसूल होते, पुढचा सर्व नफा. आधीं पेरावें आणि मग खावें, हें आपण मुलांस तोंडानें सांगून थकतों. माझ्या पुतण्यास तें तीन वेळां हरल्यानें समजलें. चौथ्या वेळीं तो जिंकला, तेव्हां तो जय सर्वस्वीं त्याचा होता. या खेळांत दुकानही आहे, पण संगणकावरील मूळ आवृत्तींत तेथें खेळांतच मिळविलेलीं नाणीं चालतात. शिवाय या खेळाची कथा संपते. पन्नास डाव पुरे झाले कीं एक गाणें लागतें, आणि एकदांच किंमत देऊन घेतलेलें पुस्तक मिटावें तसा तो मिटतां येतो.

आतां दुसरा अंक. २०११ सालीं इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बड्या कंपनीनें पॉपकॅप विकत घेतली, आणि २०१३ सालीं खेळाचा दुसरा भाग मोबाइलवर निघाला, तोही फुकट! मेख येथेंच आहे. पहिल्या भागांत जीं झाडें खेळतां खेळतां मिळत, त्यांपैकीं कांहीं, उदाहरणार्थ शत्रूस गारठविणारा बर्फाचा मटार, येथें रोकड पैशानें विकावयास ठेवलीं गेलीं. संकट अंगावर आलें असतां शत्रूस बोटांच्या चिमटींत चिरडण्याची शक्तिही नाण्यांनीं घेतां येऊं लागली, आणि तीं नाणीं खऱ्या पैशांनीं मिळूं लागलीं. 'माझी मांडणी कोठें चुकली?' हा प्रश्न ज्या क्षणीं मुलाच्या मनांत यावयाचा, त्याच क्षणीं त्याच्यापुढें दुकानाची फळी उघडली. किंमत आधीं घेणाऱ्या कारागिराचें हित खेळ चांगला होण्यांत असतें. फुकट देणाऱ्याचें हित खेळणारा अडून राहण्यांत असतें. कारागीर कितीही सज्जन असो, हा मोह त्याच्या धंद्यांतच आहे.

याचें फळ मीं घरींच पाहिलें. पुढें पुतण्या दुसराच एक फुकटचा खेळ खेळूं लागला. त्याच्या नांवाशीं मला कर्तव्य नाहीं. एके संध्याकाळीं तो एकाच डावांत पांच वेळां बुडाला. "कां रे, कोठें चुकलास?" असें मीं विचारलें. तो म्हणाला, "काका, मी चुकलों नाहीं. माझ्याजवळ पैसे नव्हते." हें ऐकून मी चरकलों. तीन पराभवांतून सूर्यफुलाचा धडा शिकलेला तो हाच मुलगा! पराभवाचें कारण स्वतःच्या विचारांत शोधण्याची त्याची संवय मोडली आणि खिशांत शोधण्याची जडली. हीच संवय घेऊन तो उद्यां परीक्षेस बसणार, धंद्यांत पडणार, संसार मांडणार.

यावर कोणी म्हणतील कीं, पैसे देणें खुषीचें आहे; पैसा न देतांही दुसरा भाग पुरा करतां येतो. तें खरें आहे. परंतु दहा वर्षांच्या मुलाच्या खुषीला कितपत अर्थ आहे? मुलांनीं आईबापांच्या संमतीवांचून केलेल्या अशा खरेदीबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननें ॲपल कंपनीस धारेवर धरलें, आणि २०१४ सालीं कंपनीनें किमान ३ कोटी २५ लाख डॉलर ग्राहकांस परत करण्याचें मान्य केलें. एकदां पासवर्ड दिला कीं पुढें पंधरा मिनिटें पुन्हां न विचारतां खरेदी करतां येते, हें आईबापांस सांगितलेलें नव्हतें, असा कमिशनचा आरोप होता. दुसरा आक्षेप असा कीं, गरिबाच्या मुलास फुकट खेळ मिळतो, हें काय वाईट? मिळतो खरा, पण दुकानासमोर रोज उभें राहून रिकाम्या हातानें परत फिरण्याचें दुःखही त्यालाच मिळतें.

वडीलधारी मंडळी अशा वेळीं धर्मराजाच्या द्यूताचा दाखला देतात. दाखला योग्य आहे, त्यावरून काढलेला बोध चुकीचा आहे. आपल्या आज्या सारीपाट खेळल्या, त्यांचें कांहीं गेलें नाहीं. धर्मराजाचें राज्य फांशांपायीं नव्हे, पणापायीं गेलें. म्हणून पालकांनीं 'किती वेळ खेळलास?' असें अवश्य विचारावें, पण तेवढ्यावर थांबूं नये. हा खेळ संपतो का, आणि आंत शिरल्यावर तो पुन्हां पैसे मागतो का, हे दोन प्रश्न मुलाला नव्हे, खेळाला विचारावे. उत्तर वाईट आलें तर तो खेळ घराबाहेर काढावा. चांगलें आलें तर पुस्तक घेतों तसा तो रोख किंमत देऊन घ्यावा, आणि एक संध्याकाळ मुलाशेजारीं बसावें.

आम्हीं दोघांनीं मिळून तो फुकटचा खेळ काढून टाकला आणि जुना, विकत घेतलेला खेळ पुन्हां लावला. परवां पुतण्या एका डावांत हरला. मीं कांहीं विचारण्यापूर्वींच तो म्हणाला, "काका, सूर्यफुलें उशिरां लावलीं." मला तेवढें पुरे आहे.