आठ तासांचे बंदर

व्हाइटफील्ड येथे आम्ही ज्या कचेरीत बसतो ती एका बंदराची कचेरी आहे असे सांगितले, तर गावाकडचे आप्त आमची थट्टा करतात. चेन्नईचा समुद्र येथून तीनशे किलोमीटरहून अधिक दूर. तरी सीमाशुल्काच्या लेखी हे बंदरच आहे. मोहोरबंद पेट्या आगगाडीने येतात, आगगाडीने जातात. कागदावर हांबुर्ग, रॉटरडॅम, गोथेनबर्ग ही नावे असतात, जहाजाचे नाव असते, आणि ते सारे नोंदवून आम्ही सायंकाळी कडुगोडीहून मेट्रोने घरी जातो. व्यापारी याला कोरडे बंदर म्हणतात. एवढ्या वर्षांत शेकडो जहाजांची नावे आम्ही वाचली, जहाज मात्र एकही पाहिले नाही. तेव्हा केवळ कागदावर असलेल्या बंदरांविषयी दोन शब्द बोलण्याचा अधिकार आम्हांला आहे, असे आम्ही समजतो.

निमित्त घरचेच आहे. गेल्या महिन्यात आमच्या मंडळात ‘उत्तर युरोपची सागरी सहल’ या विषयावर सचित्र व्याख्यान झाले. व्याख्याते आमचे ज्येष्ठ बंधू. ते येथील एका संगणक-कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. गेल्या जूनमध्ये वहिनी, दोन्ही मुले आणि आमच्या मातोश्री यांना घेऊन ते कोपनहेगनहून जहाजाने निघाले, आणि सात रात्रींत डेन्मार्क, जर्मनी, एस्टोनिया, फिनलंड व स्वीडन असे पाच देश करून आले. व्याख्यान रंगले. टाळ्या झाल्या. पुढील उन्हाळ्यात मंडळातील कुटुंबांनी मिळून असेच जावे, या खेपेस नॉर्वेच्या फ्योर्डांत, असा ठराव तेथल्या तेथे झाला आणि नावे नोंदविण्याचा तक्ता फिरू लागला. अध्यक्ष म्हणाले, “सात रात्रींत पाच देश! मराठी माणसाने याहून अधिक काय पाहायचे?” त्या वेळी आम्ही गप्प राहिलो. हा लेख बंधू वाचतील. त्यांनी वाचावा म्हणूनच तो लिहीत आहोत.

द्राक्षे आंबट, असे कोणी म्हणेलच. म्हणोत. केंद्र सरकारच्या कारकुनाला ती द्राक्षे उंच आहेत हे उघड आहे. आमची प्रवाससवलत देशाच्या सीमेपाशी थांबते. मदुराईला जायचे म्हणून निघून कोलंबो, कुआलालंपूर, सिंगापूर करून आलेल्या बँक-नोकरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली हे पुन्हा एकदा स्पष्ट केले. समुद्र ओलांडला म्हणून प्रायश्चित्त घेण्याचा काळ गेला; आता तो न ओलांडणाऱ्यावरच तशी वेळ आली आहे. पण आमचा वाद पैशाशी नाही. स्वकष्टाच्या पैशाने कोणी आठ दिवस समुद्राचा वारा खात असेल, मुलांना पोहण्याचे तळे आणि वृद्ध आईला निवांत गॅलरी मिळत असेल, तर त्यात वावगे काय? मातोश्रींना एवढ्या मायेने नेणाऱ्या बंधूंविषयी आम्हांला आदरच आहे. वाद आहे तो ‘पाच देश पाहिले’ या वाक्याशी.

कसे पाहिले ते पाहू. जहाज सकाळी आठच्या सुमारास धक्क्याला लागते. छातीवर क्रमांकाची चिठ्ठी लावून बसमध्ये बसायचे, क्रमांकाची पाटी उंच धरलेल्या बाईमागून चालायचे, आणि पाच-साडेपाचच्या आत परत यायचे; जहाज कोणासाठी थांबत नाही. कोपनहेगनला १९१३ साली बसवलेली ती छोटी जलपरी, हेलसिंकीला खडक कोरून बांधलेले देऊळ, टॅलिनला जुना तट. कार्यक्रमपत्रिकेत एका दिवशी ‘बर्लिन’ असे ठळक छापले होते. बर्लिनला समुद्र नाही! जहाज लागते ते वार्नेमुंडे नावाच्या किनाऱ्यावरच्या गावी. तेथून बर्लिन दोनशेहून अधिक किलोमीटर. जायला तीन तास, यायला तीन तास. मध्ये उरलेल्या वेळात ब्रांडेनबुर्गचा दरवाजा, भिंतीचा तुकडा आणि जेवण. आमच्या व्हाइटफील्डच्या बंदराने निदान आपण चेन्नई असल्याचा दावा कधी केलेला नाही.

आणखी एक गोष्ट व्याख्यानात आली नाही, कारण ती पत्रिकेतच नव्हती. २०२२ पर्यंत या बाल्टिक सहलींचे मुख्य आकर्षण सेंट पीटर्सबर्ग हे असे. युक्रेनचे युद्ध पेटले आणि ते शहर पत्रिकेतून गळाले. त्या जागी दुसरी बंदरे आली आणि सहल पूर्वीसारखीच सात रात्रींची राहिली. ज्या समुद्राच्या काठच्या दोन देशांनी, फिनलंडने २०२३ मध्ये आणि स्वीडनने २०२४ मध्ये, आपले जुने अलिप्त धोरण सोडून लष्करी गटात प्रवेश केला, त्या समुद्रावर आठवडाभर राहून आलेल्या आमच्या बंधूंपाशी त्याविषयी एक वाक्य नव्हते. दोष त्यांचा नाही. जहाजावर तो विषय निघतच नाही. तेथे रात्री जादूचे प्रयोग असतात.

स्टॉकहोमला सर्वांनी ‘वासा’ पाहिली. १६२८ साली पहिल्याच सफरीत, धक्क्यापासून फार दूर न जाता बुडालेली ही युद्धनौका स्वीडिश लोकांनी १९६१ साली वर काढली आणि तिच्यासाठी संग्रहालय बांधले. बंधूंनी तिची चाळीस छायाचित्रे दाखविली. आम्ही शेजारच्या गृहस्थांना हळूच विचारले, “रामदास बोट ठाऊक आहे ना?” ते म्हणाले, “समर्थांची?” १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या सकाळी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ मुंबईच्या समोरच बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्याला महिना उरला होता. ‘वासा’बरोबर बुडालेल्यांची संख्या तीसच्या आसपास मानतात. आम्ही तुलना करीत नाही. पण दुसऱ्याच्या बुडालेल्या बोटीपुढे रांग लावणाऱ्यांना आपल्या बुडालेल्या बोटीचे नावही ओळखू येऊ नये, याची चुटपुट त्या रात्री घरी जाईपर्यंत लागून राहिली.

आता मातोश्रींविषयी. त्यांचे माहेर देवगडजवळचे. सहलीचा बेत ठरला तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला होता: “थंय आमका उतरून घेवक कोण येतलो?” मुले हसली. टॅलिनच्या दिवशी गुडघ्यांनी दगा दिला. दगडी चढणीच्या रस्त्यांवर त्यांना नेणे शक्य नव्हते, म्हणून त्या जहाजावरच राहिल्या. व्याख्यानात बंधू हळहळले, “आईचे टॅलिन हुकले.” घरी आल्यावर त्यांनी आम्हांला जे सांगितले ते पडद्यावर आले नाही. शेजारच्या धक्क्याला हेलसिंकीहून एक बोट आली. ऐंशी किलोमीटरची खाडी दोन तासांत ओलांडणाऱ्या अशा बोटी तेथे दिवसातून अनेक वेळा ये-जा करतात. माणसे उतरू लागली: पाठीवर पिशव्या, हातगाड्यांवर खोकी, कडेवर मुले, कोणी कामावर निघालेले, कोणी बाजाराला, कोणी घरी. एका म्हाताऱ्या बाईला घ्यायला एक तरुण धक्क्यावर उभा होता. त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली. मातोश्री तासभर ते पाहत राहिल्या. “ह्येका म्हणतत बोट,” त्या आम्हांला म्हणाल्या.

आमच्या पिढीने कोकणची बोट पाहिली नाही. आम्ही जन्मलो त्याच्या आसपास, १९८०च्या दशकाच्या अखेरीस, ती बंद पडली. ‘रोहिणी’, ‘चंद्रावती’, ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ ही नावे आम्हांला आजोळी ऐकून ठाऊक. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट एकेक बंदर घेत जाई. कित्येक ठिकाणी धक्का नसल्यामुळे ती खोल पाण्यात उभी राही आणि किनाऱ्यावरून पडाव येत. हेलकाव्याचा नेमका क्षण साधून खलाशी बायामुलांना हाताला धरून पडावात उतरवीत. मातोश्रींच्या प्रश्नाचा अर्थ हा असा होता. पडाव वाळूला लागला की कोणी तरी गुडघाभर पाण्यात उभा असे: मामा, भाऊ, नाही तर नुसता गाववाला. मुंबईच्या गिरण्यांतून जाणारा पैसा, आणि कोकणातून येणारे आंबे, सुके मासे, निरोप आणि नव्या नवऱ्या, हे सारे त्या बोटीतून जात-येत असे. बोट लागणे हा शब्द तेथे दोन अर्थांनी वापरीत. दोन्ही अर्थ आज निरुपयोगी झाले आहेत.

यावर ठरीव उत्तर येते, की रस्ते झाले, १९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाली, बोट कोणाला हवी? म्हणूनच आम्हांला पुढील वर्षीच्या नॉर्वेच्या बेताविषयी बोलायचे आहे. ज्या किनाऱ्यावर आमचे मंडळ जाणार, त्याच किनाऱ्यावर १८९३ सालापासून एक बोट चालते. रिचर्ड विथ नावाच्या कप्तानाने ‘व्हेस्टेरालेन’ या आगबोटीने त्रोन्हेम ते हामरफेस्ट ही फेरी सुरू केली. आज ती सेवा बेर्गेनपासून थेट रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसपर्यंत चौतीस बंदरे घेते. माल, आजारी माणूस, शाळेतले पोर, आणि त्यांच्याबरोबर प्रवासीही. मध्यरात्री एखाद्या लहानशा बंदरात बोट थांबते, चार माणसे उतरतात, दोन चढतात. त्या देशाला रेल्वे आहे, विमाने आहेत, डोंगर पोखरून केलेले रस्ते आहेत. तरी सरकार या सेवेचे कंत्राट देते आणि तिच्यासाठी पैसे मोजते. २०२१ पासून दोन कंपन्या मिळून ती चालवितात. २०१५ साली त्यांनी सोग्नच्या फ्योर्डात विजेवर चालणारी मोटारवाहू तर आणली. शिवाय गायरांगर आणि नेरॉय या दोन फ्योर्डांत धूर न सोडणाऱ्या प्रवासी जहाजांनीच यावे, असा नियम केला: लहान जहाजांना २०२६ पासून, मोठ्यांना २०३२ पासून. म्हणजे आमच्या मंडळासारख्या पाहुण्यांच्या जहाजांवर बंधने, आणि स्वतःच्या माणसांच्या बोटीला आधार. त्या बंदरांत पाहण्यासारखे जर काही असेल तर ते हे आहे. आणि नेमके हेच उंच गॅलरीतून दिसत नाही.

तुलना सर्वस्वी जुळत नाही, हे आम्ही मान्य करतो. त्यांचा उत्तर किनारा रेल्वेपासून दूर आहे. आमचा समुद्र पावसाळ्यात चार महिने बंद असतो. बोटी जुन्या झाल्या होत्या, तोटा होत होता. पण देवगडच्या माणसाला रेल्वे गाठायला अजून चाळीस-पन्नास किलोमीटर घाट-वळणे काढावी लागतात, आणि मुंबई-गोवा महामार्गाचे २०११ साली सुरू झालेले रुंदीकरण चौदा वर्षे उलटल्यावरही पुरे झाले नव्हते. तोट्याचे म्हणाल तर रस्त्याला नफा-तोटा कोणी विचारतो काय? बोटीलाच तो का विचारला गेला? २०१८ साली ‘आंग्रिया’ नावाचे जहाज मुंबईहून गोव्याला जाऊ लागले तेव्हा आम्हांला वेडी आशा वाटली होती. नाव आंग्र्यांचे, पण विजयदुर्ग अंधारात मागे टाकून सकाळी गोव्याला पोचायचे. दोन वर्षांत तेही थांबले. २०२५ साली जयगड आणि विजयदुर्गपर्यंत मोटारी वाहणाऱ्या बोटीची घोषणा झाली. तिचे आम्ही स्वागतच करतो. पण जिच्यापाशी मोटार नाही, नुसते गाठोडे आहे, तिच्यासाठी कोणत्या बंदरात कोण थांबणार, हा प्रश्न विचारायला हवा. आणि तो विचारायचा कोणी? या मासिकाचे वाचक बहुतेक सरकारी अधिकारी आहेत. टिपणे आपणच लिहितो, मंजुरीचे मसुदे आपल्याच टेबलावरून जातात. बेर्गेनहून परतणाऱ्याने छायाचित्रांबरोबर एवढा प्रश्न आणला असता, तर आम्ही सर्वांत मोठ्याने टाळ्या वाजविल्या असत्या.

आणि थोडे आमच्याविषयीही बोलले पाहिजे, नाही तर हा लेख लबाडीचा ठरेल. डी. एस. व्हाइट यांनी १८८२ साली अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठी हे गाव वसविले. येथे घर करावे, शेती करावी, असा त्यांचा बेत होता. आम्ही बदलीवर येतो. येऊन सहा वर्षे झाली. कन्नड किती येते? भाजीवाल्याशी हिंदीत बोलतो, शेजारी रेड्डींच्या घरी गौरी-गणपतीला एकदा गेलो, अक्षर अद्याप लावून वाचता येत नाही. दिल्ली, भोपाळ, हैदराबाद, गुवाहाटी, आपण जेथे असाल तेथे स्वतःला विचारून पाहा. चिठ्ठी छातीवर, नजर घड्याळावर, पुढच्या बदलीचा हुकूम म्हणजे जहाजाचा भोंगा! बंधूंनी टॅलिन आठ तासांत उरकले म्हणून आम्ही त्यांना बोल लावतो. आम्हांला तर सहा वर्षे मिळाली. परवा कचेरीतील शिपाई शिवण्णा यांच्याकडून आम्ही पाटीवर पहिली दहा अक्षरे गिरविली. उशीर झाला आहे, हे ठाऊक आहे.

नॉर्वेचा तक्ता आमच्याकडे येऊन पडला आहे. आम्ही त्यावर नाव घातलेले नाही. त्याच कागदाच्या पाठीवर मात्र आम्ही चिटणिसांना एक सूचना लिहिली आहे: पुढील सभेत पडदा नको, पाच खुर्च्या मांडाव्यात, आणि कोकणच्या बोटीने ज्यांनी प्रत्यक्ष प्रवास केला अशा आपल्या वसाहतींतील साठीपुढच्या मंडळींना बोलवावे. कोठे चढलात, कोठे उतरलात, उतरून घ्यायला कोण आले होते, एवढेच विचारावे; जे सांगतील ते कोणी तरी लिहून घ्यावे. लिहून घेण्याचे काम आम्ही पत्करतो. पहिल्या खुर्चीसाठी मातोश्रींनी नाव दिले आहे. बंधूंनी त्यांना मोटारीने आणण्याचे कबूल केले आहे.