परवानगी मिळाली, वेळेचं काय?

"मुलं मोठी झाली, आता शिकायचं तर शीक की! आमचं काही म्हणणं नाही." पुन्हा शिकू पाहणाऱ्या बाईला घरात हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. ऐकायला बरंही वाटतं. पण त्याचा खरा अर्थ असतो, घरचं सगळं आवरून उरलेल्या वेळात शीक. आणि घरचं सगळं कधी आवरतं का हो?

मी स्वतः लग्नानंतर सोळा वर्षांनी बी.ए. पूर्ण केलं. आता बचतगटातल्या मैत्रिणींचे प्रवेश-अर्ज भरायला मदत करते. १९८९ साली नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं आणि शिक्षण अर्धवट सुटलेल्या कितीतरी जणींना वाट मिळाली. प्रवेशाची अडचण आता फारशी नाही. अडचण आहे ती रविवारची! नोकरदारांच्या सोयीसाठी अभ्यासकेंद्रावरचे तास बहुधा सुटीच्या दिवशी असतात आणि गृहिणीला सगळ्यात जास्त काम नेमकं त्याच दिवशी. नाश्त्याला काहीतरी वेगळं, दुपारी पाहुणे, सासूबाईंची आंघोळ. उन्हाळ्यात परीक्षा आली, की पापड-लोणची, लग्नसराई आणि सुटीला आलेली भाचेकंपनी. मग तास बुडतात, गृहपाठ राहतो, एक दिवस नावच गळतं. लोक म्हणतात, "तिला झेपलं नाही."

पार्वतीबाई आठवले विशी उलटल्यावर, पदरी मुलगा असताना शिकल्या. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या संस्थेसाठी निधी गोळा करायला अमेरिकेपर्यंत गेल्या. जिद्द त्यांची होतीच, पण बहिणीचं, म्हणजे कर्व्यांचं घर पाठीशी होतं, हेही विसरून चालणार नाही.

म्हणून प्रवेश-अर्ज भरतानाच घरात सगळ्यांनी एकत्र बसून कामं वाटून घ्यावीत. आजींच्या गोळ्या कोण देणार, रविवारचा स्वयंपाक कुणाचा, परीक्षेच्या दिवसांत डबे कोण करणार, हे नावानिशी ठरावं. मुलाच्या दहावीसाठी घर वर्षभर टीव्ही बंद ठेवतं. आईच्या परीक्षेसाठी पंधरा दिवस पाहुण्यांना "नंतर या" म्हणायला काय हरकत आहे? अभ्यासकेंद्रांनीही गृहिणींसाठी एखादी तुकडी बुधवारी दुपारी घेऊन पाहावी.

आणि मैत्रिणींनो, मुलाने लाटलेली पोळी वाकडी झाली तर होऊ द्या. ती पुन्हा लाटायला उठू नका. तो वेळ तुमच्या धड्याचा आहे.