ऊसतोड महिलांची स्वतंत्र नोंद करून ओळखपत्र देण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब

महोदय,

या विषयावरचे हे आमचे चौथे निवेदन. आधीच्या तिन्हींची पोच आमच्याकडे आहे, उत्तर एकाचेही नाही.

मुकादम उचल देतो ती कोयत्याला. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पण उचलीच्या कागदावर सही नवऱ्याची, टनाचा हिशेब नवऱ्याशी आणि ग्रामपंचायतीच्या नोंदीत नावही त्याचेच. बाई पहाटे कोपीत भाकरी थापून फडात जाते, पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते. गाडी रात्री आली तर रात्री भरते. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला, तोही कोयत्याला. पाळीत अंग दुखले, ताप आला, बाळंतपण झाले आणि ती फडात गेली नाही, की खाडा पडतो. खाड्याची रक्कम उचलीवर चढते.

हा खाडा चुकवण्यासाठी बाया काय करून घेतात, हे शासनाला 2019 मध्येच कळले आहे. बीड जिल्ह्यात पाहणी झालेल्या 82,309 महिलांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली. आमच्या वस्तीतही पस्तिशीच्या आत पिशवी काढलेल्या बाया आहेत. आज त्या कंबर धरून तोच ऊस तोडतात.

आमच्यातल्या एकीचा नवरा गेल्या हंगामात ट्रॉलीखाली सापडून गेला. तिने स्वतः दहा हंगाम तोडणी केली आहे. मदतीचा अर्ज घेऊन गेली तर तिला विचारले गेले, तुम्ही ऊसतोड कामगार असल्याचा पुरावा काय? राहिलेली उचल मात्र मुकादमाने तिच्याचकडे मागितली. तेव्हा पुरावा कोणी विचारला नाही.

मागच्या पावसाळ्यात गावात नोंदणीचे शिबिर घेण्याचे आश्वासन मिळाले. ग्रामसेवक आले आणि पुन्हा कुटुंबप्रमुखांचीच नावे उतरवून गेले. दुरुस्ती दिवाळीनंतर होईल असे सांगितले. दिवाळीनंतर आम्ही गावात नसतो, हे सगळ्यांना माहीत आहे. परतलो तेव्हा आचारसंहिता होती. ती संपली, तरी नोंदवही तशीच आहे.

म्हणून प्रत्येक ऊसतोड बाईचे नाव स्वतंत्र नोंदवावे, तिच्या फोटोचे ओळखपत्र तिच्या हातात द्यावे आणि नवरा नसलेल्या बायांची नोंद सर्वांत आधी करावी. मुलांसाठी हंगामी वसतिगृह टोळ्या निघण्यापूर्वी सुरू व्हावे. कोप्यांजवळ संडास व पाणी, आणि कारखान्याच्या गावी रेशन मिळावे.

दसऱ्यानंतर टोळ्या निघू लागतील. शिबिराची तारीख पंधरा दिवसांत लेखी कळवावी. ‘लवकरच’ असे उत्तर या वेळी आम्ही घेणार नाही. तारीख मिळाली तर खुरपणीचा रोज बुडवून सगळ्या हजर राहू. न मिळाल्यास आपल्या कार्यालयासमोर कोप्या घालून बसू, पोराबाळांसह.

आपल्या विश्वासू,
वस्तीवरील ऊसतोड महिला कामगार
(सोबत सह्या व अंगठे)