नात घरीच रेकॉर्ड करू, पण आधी पंखा बंद करू

रबीउल अव्वल जवळ आला की आमच्याकडे विचारणा सुरू होते: मुलाला नात रेकॉर्ड करायची आहे, माईक कोणता घ्यावा? विचारणारी बहुतेक वेळा आई असते, आणि पैसे तिच्या भिशीतून जायचे असतात. दुकानदाराची यादी माईकवर थांबत नाही. माईक लॅपटॉपला जोडायला इंटरफेस, मग स्टँड, मग हेडफोन, मग भिंतीला चिकटवायचा फोम. बघता बघता आकडा दोन-तीन महिन्यांच्या किराण्याएवढा होतो. हे सगळं आणून मूल पंख्याखाली, लादीवर, उघड्या खिडकीसमोर बसून गातं आणि आवाज येतो तो सार्वजनिक नळाच्या टाकीत बसून गायल्यासारखा. महाग माईकला घरातली कुकरची शिट्टीसुद्धा स्वच्छ ऐकू येते, एवढाच फरक.

आम्ही हे आंबागडात बसून लिहितो आहोत. भंडारा जिल्ह्यातलं, तुमसर तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं हे गाव. वरचा किल्ला इ.स. 1700 च्या सुमारास देवगडच्या बख्त बुलंद शाह राजाचा सरदार राजा खान पठाण यानं बांधला, हे इथल्या मुलांना शाळेत नाही तरी घरात कळतं. आमच्यासारख्या घरांना नागपूरचा स्टुडिओ म्हणजे तासाचं भाडं, वर जाण्या-येण्याचा खर्च आणि एका दिवसाची बुडालेली मजुरी. तेव्हा घरातच काय जमतं ते बघू. पुष्कळ जमतं.

1902 साली कोलकात्यात गौहर जान यांचं गाणं तबकडीवर उतरवलं गेलं, तेव्हा खोलीत माईक नव्हताच. एका मोठ्या कर्ण्यासमोर तोंड धरून गायचं आणि तीनेक मिनिटांत राग आटपायचा. विजेवर चालणारा माईक रेकॉर्डिंगमध्ये आला तो 1925 च्या आसपास. अमेरिकेतले ब्रूस स्प्रिंगस्टीन हे तर नावाजलेले, पैसेवाले गायक. त्यांनी 1982 साली घरातल्या खोलीत चार ट्रॅकच्या कॅसेट मशीनवर काही गाणी कच्ची म्हणून भरून ठेवली. पुढे स्टुडिओत सगळा वाद्यवृंद बसवून तीच गाणी पुन्हा केली, ती मनासारखी झाली नाहीत, आणि शेवटी घरातली कॅसेटच 'नेब्रास्का' या नावानं बाजारात आली. आपल्या खिशातला साधा फोन त्या मशीनपेक्षा कितीतरी स्वच्छ आवाज टिपतो.

खोली निवडताना एक टाळी वाजवा. टाळीमागून झणझण ऐकू आली तर ती खोली नको. लादी, रिकाम्या भिंती आणि वरचे पत्रे आवाज परत फेकतात, कापड आणि कापूस तो गिळतात. म्हणून घरातली सगळ्यात चांगली रेकॉर्डिंगची खोली म्हणजे जिथं गाद्या, रजया, गोधड्या रचून ठेवतो ती. गाणाऱ्याच्या पाठीमागे दोरीवर एक जाड रजई टाका, कारण फोनला समोरचा गळा ऐकू येतो तशी त्याच्या पाठची भिंतही ऐकू येते. समोर कपड्यांचं कपाट उघडं ठेवा. खाली सतरंजी. हा झाला फोम, आणि तो रात्री पांघरताही येतो. कवेलूचं छप्पर पत्र्यापेक्षा बरं, पण पावसात दोन्ही सारखीच, तेव्हा पावसाच्या दिवशी हात लावू नका.

वेळ हा दुसरा प्रश्न. फजरनंतर कोंबडे, दिवसा पिठाची चक्की आणि ट्रॅक्टर, पावसाळ्यात रात्री बेडूक आणि रातकिडे. आमच्या अनुभवानं सगळ्यात चांगली वेळ वीज गेल्यावरची. पंखा बंद, फ्रीज बंद, शेजारचा टीव्ही बंद, आणि फोन बॅटरीवर. लॅपटॉप असेल तर त्याचंही चार्जर काढूनच ठेवा. चार्जरमधून पुष्कळदा एक बारीक गुणगुण आवाजात शिरते आणि मग ती निघता निघत नाही.

फोन विमान मोडवर टाका, म्हणजे मध्येच अब्बांच्या मित्राचा फोन येणार नाही. फोनचा माईक बहुधा खालच्या कडेला, चार्जिंगच्या भोकाजवळ असतो; ती कड गाणाऱ्याकडे करा. अंतर एक वीत. अगदी तोंडासमोर नको, थोडं बाजूला, नाहीतर प, फ, भ म्हणताना हवेचा धक्का बसून 'भप्प' असा आवाज येतो. कशिद्याच्या लाकडी रिंगमध्ये जुनी पातळ ओढणी ताणून ती तोंड आणि फोनच्या मध्ये धरली तर तो धक्का अडतो. दुकानात हेच पॉप फिल्टर म्हणून विकतात.

आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी ॲपमध्ये असते. सगळ्यात वरचा सूर लावताना ती उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या दरम्यान राहावी. कमी भरलेला आवाज नंतर वाढवता येतो. जास्त भरून फाटलेला कोणी शिवून देत नाही. ॲपमध्ये 'वेव्ह' फाइलचा पर्याय असेल तर तोच घ्या. सीडीच्या दर्जाची एका बाजूची फाइल मिनिटाला साधारण 5 एमबी होते, एमपी3 केली की जेमतेम 1 एमबी. मूळ वेव्ह जपून ठेवायची, वाटायला एमपी3. गाणं सुरू करण्याआधी दहा सेकंद कोणीही काही बोलू नका, ते दहा सेकंद पुढे कामाला येतात. 'ऑडॅसिटी' हा फुकट प्रोग्राम जुन्या लॅपटॉपवरही चालतो. त्याला ती रिकामी दहा सेकंद दाखवली की त्या खोलीची घरघर तो पुढच्या सगळ्या आवाजातून कमी करतो. मात्र थोडीच कमी करायची. जास्त केली की गाणारा पाण्याखालून बोलतो आहे असं वाटतं.

आता एका सवयीबद्दल बोलावंच लागेल. अलीकडे नात म्हटली की घुमणारा एको आणि मागे सतत चाललेला जिक्रचा ठेका. आम्हाला हे पटत नाही. एकोनं कच्चा आवाज झाकला जातो हे खरं, पण शब्दही झाकले जातात, आणि नातमध्ये शब्दच तर ऐकायचे असतात. शिवाय आपली पुष्कळ मुलं नात देवनागरीत लिहून घेतात. लिहिताना नुक्ता सुटतो, आणि 'क़' चा 'क', 'ज़' चा 'ज' होऊन बसतो. मदरशातले उस्ताद किंवा घरात उर्दू वाचणारी दादी यांना कोरडं, एको नसलेलं रेकॉर्डिंग ऐकवा. कुठला हर्फ कुठून निघायला हवा होता ते लगेच सापडतं. दुरुस्त करून पुन्हा म्हणा. एको घालायचाच तर सगळ्यात शेवटी, चिमूटभर.

चालीचंही तसंच. सिनेमाच्या गाण्यावर नात बसवणं सोपं जातं, पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काय येतं याचा विचार करा. आणि कायदाही आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार चाल बांधणाऱ्याचा हक्क त्याच्या हयातीत आणि नंतर 60 वर्षं राहतो. मुलाला स्वतःची साधी, चार सुरांची चाल बांधू द्या.

वाद्यांविषयी घराघरांत मतं वेगळी आहेत आणि उलेमांमध्येही आहेत. त्या वादात आम्ही शिरत नाही. ईदच्या दिवशी हजरत आयेशा (रजि.) यांच्या घरी मुली दफ वाजवून गात होत्या आणि प्यारे नबी (स.) यांनी त्यांना गाऊ दिलं, ही हदीस सहीह बुखारीत आहे. दफ घेणार असाल तर तो गाणाऱ्याच्या मागे, फोनपासून दोन-तीन हात लांब ठेवा. वाद्य नको असेल तर घरातल्या एकानं मागे बसून एकच सूर धरावा, म्हणजे तिसऱ्या कडव्यापर्यंत मुलाचा सूर वर सरकत नाही. नुसत्या गळ्याच्या गाण्याला पैसा सगळ्यात कमी लागतो, हे या घरांच्या फायद्याचंच आहे.

इतकं सगळं केल्यावरही काही घ्यावंसं वाटलं तर आधी तारेचे बरे हेडफोन घ्या. ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा पोचतो, त्यामुळे एक ऐकत दुसरं गाताना ताल चुकतो. त्यानंतर फोनला लावायचा कॉलर माईक, तो हजाराच्या आत-बाहेर मिळतो. कंडेन्सर माईक सगळ्यात शेवटी. त्यातल्या स्टुडिओतल्या जातीला 48 व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो, आणि गोंगाटाच्या घरात तो गोंगाटच आधी टिपतो. कर्ज काढून तर काहीच नको.

मुलगी गात असेल तर रेकॉर्डिंग कोण कोण ऐकणार हे आधी तिला विचारा आणि घरात ठरवा. फोनमधून एकदा बाहेर गेलेली फाइल परत आणता येत नाही. नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवताना आवाजाचा संदेश म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे फाइल जशीच्या तशी जाते.

आणि मुलाची नात भरून झाली की रजई तशीच राहू द्या, त्याच जागी बडी अम्मांना बसवा. हळदीला, मेहंदीला म्हणायची गाणी, अर्धी दखनी अर्धी मराठी लोरी, कोणत्या ओळीनंतर कोणत्या नवऱ्याची थट्टा करायची हे सगळं त्यांच्याच तोंडी आहे, कुठल्या वहीत नाही. नातीची नात नंतरही म्हणता येईल. अम्मांचा दमा थंडीत वाढतो, म्हणून त्यांचं रेकॉर्डिंग आधी करा. त्यांना फोन दाखवून 'गा' म्हणाल तर त्या गाणार नाहीत. फोन उशीजवळ चालू ठेवा, पण त्यांना सांगून ठेवा, आणि समोर एखादी सून किंवा शेजारीण बसवा, जिला ती गाणी अर्धवट येतात. चुकीची ओळ ऐकली की अम्मा स्वतःच सुरू करतात. मध्ये खोकला आला, हसू आलं, तर काढून टाकू नका. सुरुवातीला त्यांच्याच आवाजात नाव, गाव आणि गाणं कोणाकडून शिकल्या ते भरून घ्या. फाइलला तारीख घाला, आणि एक प्रत फोनबाहेर, पेन ड्राइव्हवर, कपाटात निकाहनाम्याच्या पिशवीत ठेवा.