आधी जबाबदार कोण ते सांगा

चेन्नईच्या मांबलम स्थानकावर लोकलमधून उतरून पूर्वेला वळले की रंगनाथन स्ट्रीटची कापड-भांड्यांची गर्दी लागते. पश्चिमेला उतरले की वेस्ट मांबलम. तिकडे निवृत्त माणसांची, पेन्शनवर आणि व्याजावर महिना काढणाऱ्यांची जुनी वस्ती आहे. तिच्या एका भागाचे नावच पोस्टल कॉलनी. संघटनेच्या कामानिमित्त चेन्नईला गेलो असता तेथील एका निवृत्त टपाल कर्मचाऱ्याच्या घरी एक संध्याकाळ काढण्याचा योग आला. घराणे मूळचे तंजावरचे मराठी. घरात अजून मराठी बोलतात, त्यांच्या जुन्या वळणाची. मुलगा रेल्वेच्या सिग्नल खात्यात आहे. म्हणजे एकाच छपराखाली आपले दोन्ही वाचकवर्ग! बापलेकांत त्या दिवशी वाद पेटला होता आणि न्यायनिवाड्याला आम्हांलाच बसवण्यात आले.

वडिलांची पोस्टातील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतली रक्कम मुदतीला आली होती. ती पुन्हा तिथेच ठेवावी असे वडिलांचे म्हणणे होते. त्यातली निम्मी क्रिप्टोचलनात, म्हणजे बिटकॉइन वगैरे संगणकी नाण्यांत घालावी, असा मुलाचा आग्रह होता. वडिलांनी कपाटातून एक पिवळी पडलेली फाईल काढून आमच्यासमोर ठेवली. नव्वदच्या दशकात मद्रासेत गल्लोगल्ली निघालेल्या आणि गल्लोगल्ली बुडालेल्या फायनान्स कंपन्यांच्या त्या ठेव-पावत्या होत्या. त्यांनी जास्त काही बोलायची गरजच पडली नाही.

मुलगा मात्र अडाणी नव्हता, आणि लोभीही नव्हता. त्याने नाण्याचे जे स्पष्टीकरण दिले, ते आजवर आम्ही वाचलेल्या सगळ्या लेखांपेक्षा सरळ होते. तो म्हणाला, हा आपला गोळाच आहे. एकेरी मार्गावर काम केलेल्या वाचकांना तो गोळा आठवत असेल. दोन स्थानकांतली यंत्रे विजेच्या तारेने एकमेकांशी बांधलेली असतात. दोन्ही टोकांना मिळून एका वेळी एकच गोळा बाहेर निघतो आणि तो हाती असल्याशिवाय ड्रायव्हर गाडी ब्लॉक सेक्शनमध्ये नेत नाही. पहिला गोळा यंत्रात परत पडेपर्यंत दुसरा निघत नाही, म्हणून समोरासमोर टक्कर होत नाही. पैशाचीही अडचण तशीच आहे. कागदी नोट एकाला दिली की ती आपल्याकडे उरत नाही, पण संगणकावरच्या नोंदीच्या हव्या तितक्या नकला निघतात. एकच नाणे दोघांना दिले जाऊ नये, याची व्यवस्था बँकेशिवाय कशी करायची? २००८ साली सातोशी नाकामोतो या नावाने कोणीतरी एक निबंध प्रसिद्ध करून त्याचा मार्ग दाखवला. एकच हिशेबवही हजारो संगणकांवर ठेवायची आणि सर्वांच्या वहीत जुळेल तीच नोंद खरी मानायची. ही माणसे कोण, एक की अनेक, हे आजतागायत उघड झालेले नाही.

हा शोध खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. गोळा एकच निघतो, हे मान्य. परंतु गोळ्याच्या मागे आणखी काय काय उभे असते, हे सिग्नल खात्यातल्या माणसाला आम्ही सांगावे काय? त्यामागे नियमांचे पुस्तक असते. गोळा कोणी, कोणाला, किती वाजता दिला याचे रजिस्टर असते, त्यावर सही असते. आणि एवढे करूनही अपघात झालाच, तर रेल्वे सुरक्षा आयुक्त चौकशीला येतात. तेही रेल्वे मंत्रालयाच्या हाताखालचे नव्हेत. पोस्टातही तेच. खेड्यातल्या म्हातारीच्या हातात मनीऑर्डर पडली की तिच्या अंगठ्याची पोच पाठवणाऱ्याकडे परत जाई. पैसे पोचले नाहीत तर कोणाच्या टेबलासमोर उभे राहायचे, हे गिरणीतल्या तिच्या मुलाला ठाऊक होते. नाण्यात हे टेबलच नाही. सांकेतिक किल्ली हरवली, नाणे गेले. चुकीच्या पत्त्यावर पाठवले, गेले. चोराने नेले, तर हजारो संगणकांवरच्या त्या वह्या चोरीचीच नोंद खरी म्हणून जपून ठेवतात.

यावर मुलाचे उत्तर तयार होते, आणि ते टाळण्यासारखे नाही. टेबले असलेल्या संस्थांनी तरी काय दिवे लावले? मैलापूरचा हिंदू परमनंट फंड १८७२ सालचा. तीन-तीन पिढ्यांनी त्यात ठेवी ठेवल्या, आणि २०२४ मध्ये ठेवीदारांचे पैसे परत मिळेनात म्हणून व्यवस्थापकीय संचालकांना अटक करण्याची पाळी आली. आपल्याकडे पीएमसी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले, तेव्हा मुंबईत म्हातारी माणसे बँकेच्या दाराशी रडताना साऱ्या देशाने पाहिली. पुण्याच्या रुपी बँकेचा परवाना २०२२ साली रद्द झाला. ही उदाहरणे खरी आहेत. सहकाराच्या नावाने सामान्यांचे पैसे गिळणाऱ्यांची तरफदारी या स्तंभातून कधी होणार नाही. फरक एवढाच की तिथे दार होते. दाराशी मोर्चा नेता आला, रिझर्व्ह बँकेला जाब विचारता आला. त्या रेट्याशिवाय ठेव-विम्याची मर्यादा २०२० साली एक लाखावरून पाच लाखांवर गेली नसती, असे आमचे मत आहे. नाण्यावर पाच लाखांचा सोडा, पाच रुपयांचाही असा विमा नाही.

दाराचा प्रश्न किती कठीण होऊन बसतो, याचे उदाहरण त्यांच्याच शहरातले आहे. चेन्नईच्या एका महिलेने जानेवारी २०२४ मध्ये वझीरएक्स या बाजारमंचावर १,९८,५१६ रुपयांची ‘एक्सआरपी’ नाणी घेतली. १८ जुलै २०२४ रोजी त्या मंचावर सुमारे २३ कोटी डॉलरची चोरी झाली. चोरीला गेली ती दुसऱ्या जातीची नाणी. या बाईंची नव्हेत. तरीही सगळ्यांचीच खाती गोठवली गेली. नुकसान सर्व खातेदारांनी वाटून घ्यावे, अशी योजना निघाली. आणि ती मंजूर व्हायची सिंगापूरच्या न्यायालयात, कारण मूळ कंपनी तिथली! मांबलमच्या माणसाने दोन लाखांसाठी सिंगापूरला वकील द्यायचा? बाई मद्रास उच्च न्यायालयात गेल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी निकाल दिला की असे नाणे ही भारतीय कायद्याने मालमत्ता आहे, ती दुसऱ्याकडे विश्वस्त म्हणून ठेवता येते आणि या प्रकरणी दाद देण्याचा अधिकार चेन्नईतल्या न्यायालयाला आहे. कंपनीने बाईंच्या रकमेपोटी बँक हमी द्यावी, असा आदेश झाला. आदेश अंतरिम आहे, तरी मोठ्या महत्त्वाचा आहे. त्याचे आम्ही स्वागत करतो.

पण लाखो खातेदारांपैकी एकीला, स्वतःच्या खर्चाने, सव्वा वर्षाने मिळालेले हे संरक्षण आहे, हेही विसरून चालणार नाही. वडिलांच्या फाईलमधल्या पावत्यांचीही हकीकत हीच. फायनान्स कंपन्या बुडाल्या, माणसे देशोधडीला लागली, आणि मग १९९७ साली तामिळनाडूने ठेवीदारांच्या संरक्षणाचा कायदा केला. महाराष्ट्राने १९९९ साली तसाच केला. आपल्या देशात कायदा नेहमी तेराव्याला येतो.

महाराष्ट्रात तर या नाण्यांचे तेरावेही अजून नीट झालेले नाही. ‘गेनबिटकॉइन’ नावाच्या योजनेत दरमहा दहा टक्के, अठरा महिने, असे आश्वासन होते. लोकांकडून बिटकॉइन घेतले आणि पुढे परतफेड म्हणून ‘एमकॅप’ नावाचे स्वतःचेच नाणे हातावर ठेवले, ज्याला बाजारात कोणी विचारीना. पुणे पोलिसांनी २०१८ साली प्रमुख आरोपी अमित भारद्वाज याला अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये तो मरण पावला. अंमलबजावणी संचालनालयाच्या म्हणण्यानुसार सुमारे ६,६०० कोटी रुपये या मार्गाने गोळा झाले. त्याहून विलक्षण गोष्ट पुढची. तपासात मदतीसाठी घेतलेल्या दोन सायबर तज्ज्ञांनाच पुणे पोलिसांनी मार्च २०२२ मध्ये अटक केली. आरोपींची नाणी त्यांनी परस्पर वळवली, असा आरोप होता. कुंपण आणि शेत यांची म्हण आपल्याला पाठ आहे, पण इथे कुंपणाने काय खाल्ले हे कळायलाही आणखी एक तज्ज्ञ लागतो.

सरकारची भूमिका काय? रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये ते परिपत्रक रद्द केले. फेब्रुवारी २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेचे उपगव्हर्नर टी. रबी शंकर यांनी या नाण्यांची तुलना पॉन्झी योजनेशी केली आणि बंदीच योग्य असे मत मांडले. त्याच महिन्यात अर्थसंकल्पाने नफ्यावर तीस टक्के कर लावला. तोटा झाला तर तो दुसऱ्या कशातून वजा करता येत नाही. म्हणजे जिंकलात तर सरकार भागीदार, हरलात तर तुम्ही आणि तुमचे नशीब! कर भरतो म्हणजे सरकारची मान्यता आहे, असे आमच्या अनेक तरुण सहकाऱ्यांना वाटते. तो गैरसमज आहे. कर हा परवाना नव्हे.

भावाचे काय, तर नोव्हेंबर २०२१ मध्ये बिटकॉइन ६९ हजार डॉलरवर होते, वर्षभराने १६ हजारांवर आले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सव्वा लाखाच्या वर जाऊन पुढच्या दीड महिन्यात नव्वद हजारांच्या खाली उतरले. यात काहींनी पैसा केला. केला नाही असे सांगणे खोटे ठरेल. परंतु गाडीच्या वेळेत इतका फरक पडला तर आपण त्याला वेळापत्रक म्हणू काय? म्हातारपणाच्या औषधाचा खर्च दर महिन्याला तोच असतो.

आमची खरी चिंता मात्र एकेकट्या मुलाच्या दोन-चार लाखांची नाही. कामगारांचा एकत्रित पैसा हा साऱ्या जगात भांडवलाच्या डोळ्यांवर आलेला घास आहे. एफटीएक्स हा बाजारमंच नोव्हेंबर २०२२ मध्ये कोसळला, तेव्हा कॅनडातील ओंटारिओच्या शिक्षकांच्या पेन्शन फंडाचे साडेनऊ कोटी डॉलर त्यात गेले. त्याच वर्षी क्वेबेकच्या पेन्शन फंडाने सेल्सिअस नावाच्या कंपनीत पंधरा कोटी डॉलर घालवले. या शिक्षकांना कोणी विचारले होते? अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी कामगारांच्या निवृत्ती-खात्यांना हे दार उघडून देणारा आदेश काढला. तिथल्या एएफएल-सीआयओ या कामगार महासंघाने या धंद्याला मोकळीक देणाऱ्या विधेयकाला लेखी विरोध केला, तो याच कारणासाठी.

आपल्याकडे १ जानेवारी २००४ नंतर नोकरीला लागलेल्यांची पेन्शन बाजारावर सोडण्यात आली. त्यावेळीही बाजार वाढतच असतो असे सांगितले गेले. वीस वर्षांच्या लढ्यानंतर एप्रिल २०२५ पासून एकीकृत पेन्शन योजना आली, तीही जुन्या पेन्शनची बरोबरी करीत नाही. आज पेन्शन फंडात ही नाणी नाहीत. उद्या जास्त परताव्याच्या नावाने ती आत आणण्याची भाषा सुरू होईल तेव्हा संघटना झोपलेली असता कामा नये. पेन्शन, प्रॉव्हिडंट फंड आणि कर्मचाऱ्यांच्या पतपेढ्या यांतला एक पैसाही यात जाणार नाही, अशी स्पष्ट तरतूद कायद्यात हवी. खातेदारांची नाणी कंपनीच्या मालमत्तेपासून वेगळी ठेवण्याची सक्ती हवी, आणि तक्रारीला भारतातच दार हवे. मद्रासच्या न्यायालयाने एकीला जे दिले, ते संसदेने सर्वांना द्यावे.

सभासदांना एक गोष्ट बजावून सांगणे भाग आहे. वर्तणूक नियमांतील सोळावा नियम रेल्वे आणि टपाल दोन्हीकडे आहे. शेअर, समभाग वा अन्य गुंतवणुकीत सट्टा करण्यास तो मनाई करतो, आणि वारंवारची खरेदी-विक्री हा सट्टाच मानतो. त्यात नाण्याचे नाव नाही, म्हणून आपण सुटलो असे कोणी समजू नये. रात्रपाळीत मोबाइलवर भाव बघत दिवसाला चार सौदे करणाऱ्यावर आरोपपत्र आले, तर बचाव अवघड जाईल. कचेरीत, रनिंग रूममध्ये, सॉर्टिंगच्या टेबलावर ‘माझ्याखाली दोन सभासद आण’ म्हणत फिरणाऱ्यांना शाखांनी तिथल्या तिथे थांबवावे. असा माणूस बहुधा आपलाच सहकारी असतो, आणि म्हणूनच लोक फसतात.

त्या संध्याकाळी मुलाने शेवटी आम्हांला एकच प्रश्न विचारला. वडिलांना पेन्शन आहे, म्हणून त्यांना पोस्टाचे व्याज पुरते. मला काय पुरणार आहे? आमच्याजवळ त्याचे उत्तर जुन्या पेन्शनची मागणी हेच होते, आणि ती मागणी अजून मागणीच आहे, हेही त्याला दिसत होते. वडील आत चहा सांगायला गेले. सकाळी बापलेक दोघे मिळून पोस्टात गेले, रक्कम पुन्हा त्याच योजनेत ठेवली, आणि पासबुकावर शिक्का पडेपर्यंत वडील खिडकीसमोरून हलले नाहीत. मुलगा मागे मोबाइल बघत उभा होता.